हार सरळच पडला होता

माझ्या भाचीच्या लग्नात पहिला हार तिच्या सासऱ्यांच्या गळ्यात पडला, आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीने त्यात काहीही चूक नव्हती.

मी शिरूरला कॉलेजात हाच विषय शिकवतो. ताईच्या प्राजक्ताचं लग्न दौंडच्या पोराशी ठरलं. स्टेज गोल फिरणारं होतं, हार वरून ड्रोन सोडणार होता. ताई म्हणाली, "अरे, तू शिकलेला. ड्रोनवाल्याला 'सोड' म्हणायचं काम तुझं."

मंगलाष्टकं संपली. स्टेजच्या काठाशी प्राजक्ता ओंजळ पसरून उभी, मामा म्हणून मी तिच्या मागं. एका बाजूला तिचे सासरे आबा, दुसऱ्या बाजूला सासूबाई. स्टेज चांगलंच गरगरत होतं. ड्रोन बरोबर डोक्यावर दिसला आणि मी ओरडलो, "सोड!"

प्राजक्ता माझ्या समोरून तसूभरही हलली नव्हती. तिच्याबरोबर मीही फिरतोय, एवढंच मी विसरलो. (वर्गात या चुकीला मी मार्क कापतो.) हार खाली येईपर्यंत ती पुढं सरकली आणि तिच्या जागी आबा आले. फेट्यासकट हारात!

"मास्तर, हार वाकडा कसा आला?"

"आबा, स्टेजवरून वाकडा दिसतो. जमिनीवरून बघितलं तर तो सरळच पडला. तुम्हीच त्याच्याखाली आलात."

आबांनी जरा विचार केला. "म्हंजी चूक माझी हाय?"

मी 'व्हय' म्हणालो. म्हणायला नको होतं.

आबांचा चेहरा बघून ताई रडकुंडीला आली. "अरे, वऱ्हाड परत जाईल!"

"थांब. ड्रोनला दुसरा हार आहे." मी आता गती, उंची, सगळं धरलं. ड्रोन प्राजक्ताच्या पुढं, सासूबाईंच्या बाजूला नेऊन थांबवला. हार पडेस्तोवर स्टेज तिला बरोबर त्याच्याखाली आणणार! "सोड!"

त्याच क्षणी आबा गरजले, "आधी हे जातं बंद करा!"

स्टेजवाल्यानं बटण दाबलं. हार सासूबाईंच्या गळ्यात.

मग मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आधी आईबापाचं लावत्यात वाटतं," आणि अक्षता पडल्या. बँडवाल्यांनी तर वाट बघायचीच नाही असं ठरवलेलं!

"आई, माझा हार!" नवरदेव ओरडला.

सासूबाई आबांकडं वळल्या. "आवो, बघताय काय असं? अक्षता पडल्यात. हसा की जरा!"

आन् आबा चक्क लाजले! मग दोघांनी हार उतरवून पोरांच्या हातात दिले, आणि लग्न जमिनीवर उतरून, हातांनी लागलं.

प्राजक्ता सुखात आहे. व्हिडिओ मात्र गावोगाव फिरतोय, आमच्या वर्गातसुद्धा. "सर, तो हात वर करून 'सोड' ओरडणारा माणूस कोण?" असं पोरं मुद्दाम विचारतात.

मी फळ्याकडं तोंड करून सांगतो, "नवरदेवाकडचा असावा."