चोवीस बाटल्या, एक बादली

आमच्या दूध संस्थेच्या संचालकांपैकी मी एक; बैठकीची विषयपत्रिका आणि इतिवृत्त मीच लिहिते: चारा, पाण्याचा टँकर, दुधाचा दर. हे संपून सगळे निघायला लागले, की ऐनवेळच्या विषयात तेलगावचे सोडावाले संचालक उठतात. वर्षभर त्यांचा विषय एकच. संस्थेने ताक प्लॅस्टिकऐवजी काचेच्या, परत घ्यायच्या बाटलीत विकावं आणि तसा नियम करा म्हणून सरकारला ठराव पाठवावा. खिशात कात्रण असतंच. प्रत्येक वाक्याला टेबलावर बोट आपटतात.

"ताई, युरोपात कायदा व्हायलाय. आपुन कावून मागं ऱ्हावं?"

"युरोपात टँकर येतो का?" मी एकदा वैतागून विचारलं. "बाटल्या धुवायला पाणी कुठलं?"

"एका बादलीत चोवीस धुतो. दाखवतो."

पुढच्या बैठकीला त्यांनी खरोखर बाटल्यांचा क्रेट आणि टँकरच्या पाण्यातली घरच्या वाट्याची भरलेली बादली आणली.

"आज आंघोळ बुडाली वाटतं," अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले, ते बाटल्या घासत राहिले. अठराव्या बाटलीला पाणी गढूळ झालं. तोवर निम्मे संचालक फोनमध्ये होते. उरलेल्या सहा त्याच पाण्यात बुचकळल्या असत्या, तरी कुणाला कळलं नसतं.

ते थांबले. "आणखी अर्धी बादली लागंल. मी चुकीचं सांगत व्हतो. ताई, तसं लिवा."

मी लिहिलं. ठराव अर्थातच पडला. बाजूने दोनच हात वर झाले. एक त्यांचा. दुसरा माझा होता; पाण्याचा हिशेब पटला नव्हता तरी तो वर गेला, आणि त्याचा मला अजून राग येतो.