माझी मेल दीपककडे कशी जात होती?

या ऑनलाइन बोर्डवरच्या मंडळींनो, बाळंतपणाची रजा संपवून अंधेरीच्या ऑफिसात परतले, तेव्हापासून मला संगणकावर एकही मेल येत नव्हती. जो तो म्हणायचा, "पाठवली ना!"

आज सकाळी ऑफिसची मेल वाटणाऱ्या मशीनची सेटिंग तपासली. त्यात एक ओळ होती: माझी सगळी मेल दीपककडे, माझ्यासोबत हे मशीन सांभाळणाऱ्या सहकाऱ्याकडे, वळवलेली!

"अगं, तू रजेवर होतीस ना, म्हणून केलं. काढायचं राहून गेलं," तो हसून म्हणाला. मलाही पटलं. मी ती ओळ पुसली.

जेवून आले, तर ओळ परत तिथेच. त्या मशीनचा पासवर्ड फक्त आम्हा दोघांना ठाऊक होता.

ओळ पुन्हा पुसली आणि पासवर्ड बदलला.

संध्याकाळी निघताना दीपक मागून म्हणाला, "पासवर्ड लागत नाहीये गं, तू काही केलंस का?"

"उद्या बघू," म्हटलं. उद्या त्यालाच विचारू, की थेट सरांकडे जाऊ?