रुचिरचे सुटलेले झेल

सिंगापूरला, बिशान भागात मी मुलीकडे राहतो. आमच्या दोन मजले वर उद्धव राहतो. मूळचा पुण्याचा, इथे सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. कुणाचं सामान हलवायचं असलं की हा पहिला हजर. त्याचा मुलगा रुचिर अमेरिकेत कॉलेजात आहे आणि तिथल्या संघातून अमेरिकन फुटबॉल खेळतो. त्याच्या जागेला टाइट एंड म्हणतात. समोरच्यांना अंगावर घेऊन अडवायचं, आणि चेंडू आपल्याकडे आला तर झेलायचा, एवढं मला समजलं आहे.

तिथली शनिवारची संध्याकाळ म्हणजे इथली रविवारची सकाळ. उद्धव सामना टीव्हीवर लावायचा, त्याची बायको वीणा इडल्या करायची, आणि ओळखीची मराठी मंडळी जमायची. सगळे क्रिकेट बघत वाढलेले. त्यांना या खेळातलं एकच कळायचं, झेल. आणि यंदा रुचिरच्या हातून झेल सुटत होते.

"हाताला तूप लावून उतरलाय का रे हा?" वुडलँड्सहून येणारा प्रबोध ओरडायचा. "उद्धवराव, गल्लीत आपण बरे होतो की!"

उद्धव आधी नुसता हसायचा. पुढे दुसऱ्यांनी बोलायच्या आत तोच बोलू लागला. "सोडला! आमच्या दिवट्यानं परत सोडला!"

सामना संपला की सगळ्यांसमोर, स्पीकर लावून, तो मुलाला फोन करायचा.

"तो दुसरा कसा काय सुटला?"

"बाबा, आज मी ब्लॉक मस्त केले. कोचपण म्हणाले. ते बघितलंस का?"

"ढकलाढकली कोण बघतो? चेंडू हातात होता तुझ्या."

"काका लोक ऐकतायत का?"

"ऐकू देत की. तेही तेच विचारतायत."

"ओके ला," रुचिर इथल्या पोरांच्या ढंगात म्हणायचा.

हळूहळू माणसं यायची थांबली. झेल सोडणाऱ्या पोराच्या बापाकडे किती वेळा जायचं? गेल्या रविवारी मी एकटाच होतो. रुचिरनं पुन्हा एक झेल सोडला. पण नंतर त्यानं दोन धिप्पाड गडी असे रोखून धरले, की मागचा मुलगा चेंडू घेऊन थेट शेवटच्या रेषेपार गेला. सगळा संघ रुचिरच्या पाठीवर थापा मारत होता.

मी हळूच म्हटलं, "उद्धव, हे रुचिरमुळे झालं, नाही?"

"झेल कुठे घेतला त्यानं, काका?"

सामना संपल्यावर त्यानं फोन लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला. मग वीणाचा फोन वाजला. ती हलक्या आवाजात बोलू लागली, "हो रे राजा. लागलं नाही ना कुठे?"

उद्धवनं हात पुढे केला. तिनं फोनवर तळवा ठेवला.

"तुझ्याशी नाही बोलायचं म्हणतोय."

"आज नाही, की...? विचार त्याला."

तिनं विचारलं. बराच वेळ ऐकत राहिली. मग उद्धवकडे न बघताच ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.