नेमसिंगचा तिसऱ्या दिवसाचा डाव

नेमसिंग राठोड आयुष्यात एकदाही सायकलच्या सीटवर बसला नाही. बसला तो कॅरियरवर, आणि तिथून चालवणाऱ्याला सूचना देत. तरीही राळेगाव तालुक्यात सायकलच्या शर्यतीतलं सगळ्यात जास्त आपल्यालाच कळतं, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. सांगायला जिवावर येतं, पण ते बरंचसं खरंही होतं.

राळेगावपासून कोसभरावर तांडा, तांड्यात घर, घरामागे कपाशी आणि तूर. बायको हंसाबाई शेत बघायची आणि नेमसिंग जग बघायचा. त्याच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अर्धा मुलूख पालथा घातला होता. ती लदेणी त्याच्या आज्याबरोबरच संपली. पण नेमसिंग बोलायला लागला की वाटावं, गडी आत्ताच मिठाच्या गोण्या उतरवून आलाय.

"बैल अन् सायकल एकच हाय मास्तर," तो मला ऐकवायचा. "पुढचा वारा खाते, मागचा दम राखते. पयल्या दिवशी जो उधळते, तो तिसऱ्या दिवशी बसते."

मी मास्तर नव्हे. व्यायामशाळेच्या शर्यतीत घड्याळ धरून वेळ टिपायचो, एवढंच. पण त्याच्या लेखी हातात घड्याळ असलेला माणूस मास्तरच.

एकसष्ट सालच्या जानेवारीत जिल्ह्यात तीन दिवसांची शर्यत निघाली. पहिल्या दिवशी यवतमाळ ते राळेगाव, दुसऱ्या दिवशी राळेगाव ते वणी, तिसऱ्या दिवशी वणीहून परत यवतमाळ. तिन्ही दिवसांचा वेळ मिळवायचा आणि ज्याचा सगळ्यात कमी, तो जिंकला. नागपूरच्या एका गिरणीनं कबूल केलं होतं की जिंकणाऱ्याला आमच्या सायकलपथकात घेऊ. काम काय, तर सायकल दामटायची, आणि त्याचा महिन्याच्या महिन्याला पगार! हे ऐकून अर्ध्या तालुक्याचा विश्वास बसला नाही. उरलेल्या अर्ध्यानं चेनला तेल घातलं.

नेमसिंगचा मुलगा खेमसिंग त्या नोकरीसाठी जीव टाकत होता. पोराला शेताचा मनापासून कंटाळा. कापूस वेचताना त्याची पाठ मोडायची, ती सायकलवर बसला की कशी कोण जाणे सरळ व्हायची. "बापू, हे हुकलं तर मी जलमभर वेचणीच करीन," असं तो बापाला माझ्यासमोर म्हणाला होता. नेमसिंगनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि डाव मांडायला घेतला.

जोडीला त्यानं तांड्यातलाच देवसिंग घेतला. कोणाच्यात किती पाणी आहे हे सांगण्यात नेमसिंगचा हात कोणी धरत नसे. देवसिंगबद्दल तो म्हणाला, "याच्यात शर्यत नाही. पण छाती रुंद हाय, वारा मस्त अडवते." देवसिंगला हुकूम एकच: खेमसिंगच्या पुढं राहायचं, खाली मान घालून दामटायचं आणि काही झालं तरी मागं वळून पाहायचं नाही. देवसिंग आज्ञाधारक होता. अशा पोरांचं पुढं काय होतं, ते बघा.

पहिल्या दिवशी नागपूरचा बाबूलाल पहिला आला. तो शर्यतींवरच पोट भरणारा, पिळदार पोटऱ्यांचा गडी. राळेगावकरांनी त्याला हार घातले, खांद्यावर घेतलं आणि शर्यत संपली असं समजून घरी गेले. नेमसिंग तेवढा मिशीत हसत होता. "हार घाला, हार घाला. त्याचं वजनच वाढते."

दुसऱ्या दिवसाच्या वाटेवर, वणीजवळ, हंगामात कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागते, जिनिंगच्या फाटकापासून पार गावाबाहेरपर्यंत. नेमसिंगला ते ठाऊक होतं, नागपूरकरांना नव्हतं. गाड्या दिसायच्या आधीच आपली दोन्ही पोरं पुढं काढा, असं त्यानं बजावलं होतं. पोरं निसटली आणि गाड्यांच्या कडेकडेनं पार झाली. बाबूलाल मागं बैलांच्या शेपट्या मोजत बसला. वणीत माझ्या घड्याळानं खेमसिंग एकूण पहिला, देवसिंग त्याच्या अगदी पाठोपाठ दुसरा, आणि बाबूलाल चांगला मागं. त्या संध्याकाळी नेमसिंगनं मला विचारलं, "गिरणीवाले राह्याले खोली देतात का हो?"

तिसरा दिवस लांबचा. शेवटी जोडमोह्याच्या पुढं यवतमाळचा चढ. इतरांना पाणी प्यायला थांबावं लागणार, तर आपल्या पोराला चढाआधी धावत्या सायकलवर पाणी मिळावं, हा नेमसिंगचा हुकमी डाव. चढाच्या अलीकडे सडकेला लागून एक तांडा होता आणि तिथं त्याची मुलगी जमनी दिलेली होती. डाव फुटू नये म्हणून त्यानं एका ओळखीच्या गाडीवाल्यामार्फत मोजकाच निरोप धाडला: भाऊ येऊन राह्यला, गुळाचं पाणी घेऊन सडकेवर उभी राह्य. शर्यतीचा शब्दही काढू दिला नाही.

मी आणि नेमसिंग पंचांच्या ट्रकवर होतो. पुढं देवसिंग, त्याच्या चाकाला चिकटून खेमसिंग, बाबूलाल बराच मागं. तांडा दिसला. सडकेच्या मधोमध जमनी उभी, हातात लोटा, मागं दहाबारा बाया. देवसिंग मान खाली घालून बाजूनं निघून गेला. खेमसिंगनं लोट्यासाठी हात पुढं केला. जमनीनं लोटा टाकला आणि भावाच्या गळ्यात पडली. सायकल आडवी.

बंजाऱ्यांत बाईला माहेरचं माणूस फार दिवसांनी भेटलं की ती त्याच्या गळ्यात पडून सूर लावून रडते. मधल्या काळातलं सगळं सुखदुःख त्या रडण्यातच सांगायचं, आणि तांड्यातल्या बायांनी साथ द्यायची. ते पुरं होईपर्यंत पुरुषानं हलायचं नाही. मध्येच हात सोडवला तर तू आम्हाला मेलीस असं सांगितल्यासारखं होतं. हे नेमसिंग जन्मापासून बघत आला होता. त्यानं हिशेबात वारा धरला, चढ धरला, वणीच्या गाड्या धरल्या. एवढं एक धरलं नाही.

निकाल आत्ताच सांगून टाकतो. देवसिंग यवतमाळच्या चौकात पोचला, पायउतार झाला आणि हुकमातून सुटल्यावर पहिल्यांदा मागं वळला, तर सडक रिकामी! शर्यत त्याची, नोकरीही त्याची. त्यानं गिरणीच्या साहेबाला तीनतीनदा सांगितलं म्हणे, की जिंकणारा मागून येतोय. पुढं गिरणीसाठी त्यानं कितीतरी शर्यती मारल्या. खेमसिंगनं कापूस वेचला.

पण त्या दिवशी सडकेवर हे काही अजून झालेलं नव्हतं. ट्रक थांबला, तसा नेमसिंग उडी टाकून धावला, पोराला सोडवायला. "सोड बाई, सोड त्याले!" जमनीनं भावाला सोडलं खरं, पण बापाच्या गळ्यात पडली आणि बायांनी सूर वाढवला. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत ती जे रडत होती ते तांड्यावरच्या उठबशीमुळं मला पुरतं कळत होतं. बापू, दोन साल झाले. मले पोरगी झाली, तुमी आले नाही. ती चालाले लागली, तुमी आले नाही. याच सडकेनं शर्यतीले जाता म्हणे, माह्या दारी येत नाही. हंसाबाई दोन वर्षं त्याला हेच सांगत होती, 'जमनीले भेटून या', आणि दर वेळी कुठली ना कुठली शर्यत आडवी येत होती.

बाबूलाल घंटी वाजवत बाजूनं निघून गेला. खेमसिंगनं सायकल उचलली. तेवढ्यानं वेळ भरून निघणार नव्हता, हे माझं घड्याळ सांगत होतं आणि बापलेकांनाही कळत होतं. नेमसिंगचे हात आधी हवेत होते. मग हळूहळू ते लेकीच्या डोक्यावर आले. डाव मांडणाऱ्या माणसाला मी रडताना त्या दिवशी पाहिलं. आणि खरं सांगतो, शर्यत गेल्याचं ते रडू नव्हतं.

सूर थांबला. जमनीनं ओढणीनं तोंड पुसलं. भावाचा घामानं भिजलेला सदरा, ट्रक, माझ्या हातातलं घड्याळ हे सगळं तिला तेव्हा कुठं दिसलं.

"भिया," तिनं भावाला विचारलं, "एवढ्या घाईनं कुठं चालला होता?"

खेमसिंगनं बापाकडं पाहिलं. मग हातातली सायकल बाभळीला टेकवून ठेवली.

"कुठं नाही," तो म्हणाला. "तुही पोरगी पाह्याले आलो. कुठं हाय ती?"