दाण्यांची पिशवी

शेंगदाणे भाजल्याचा वास आला की अजूनही माझ्या तळहातांना घाम सुटतो. बी.एड. करताना कर्नाटकातल्या हुलसूरजवळच्या एका शाळेत मी पाठ घ्यायला जायचे. घरी मराठी बोलणाऱ्या पोरींना कन्नड शब्द शिकवायचे होते. बरोबर उत्तराला लगेच बक्षीस द्यावं, असं पुस्तकात होतं, म्हणून आईनं भाजलेले दाणे मी शब्दामागं दोन-दोन वाटायचे. आठवड्यात वर्ग पोपटासारखा बोलायला लागला. पाठ तपासायला आमच्या प्राध्यापक बाई आल्या, नेमकी त्याच दिवशी बस पकडायच्या गडबडीत दाण्यांची पिशवी घरी राहिली. मी गायीचं चित्र दाखवलं. कुणीच बोलेना. पहिल्या बाकावरची पोरगी दाणे सुरू व्हायच्या आधीपासून सगळ्यांच्या पुढं उत्तरं द्यायची. तिनं नुसता हात पुढं केला. मी हळूच म्हणाले, "सांग की गं, येतंय तुला." "येतंय की अक्का," ती म्हणाली, "पण आज दाणे न्हाईत व्हय?" मागं बाईंचं पेन भराभरा चालत होतं, आणि मी चित्रं नुसतीच उलटीसुलटी करत उभी. पुढं पास झाले, नोकरीही लागली. आता एखादी पोरगी आपणहून उत्तर देते, तेव्हा शाबासकीला उचललेला माझा हात अर्ध्यावरच थांबतो.