दसऱ्याला पुजलेले स्केट्स

शनिवार, १२ ऑक्टोबर. दसरा. मी किचनमध्ये झेंडूच्या माळा ओवत बसले होते. एक दाराला, एक गाडीला, एक लॉनमोअरला. आमच्याकडे दसऱ्याला घरातली सगळी हत्यारं पुजतात, आणि नवरा रिटायर्ड इंजिनियर असल्यामुळे हत्यारांना तोटा नाही. ड्रिल, पाने, करवती, सगळं तो सकाळपासून गॅरेजमध्ये घासूनपुसून ठेवतो. यंदा त्यात मुलाचे स्केट्सही होते.

मुलगा व्यावसायिक आइस हॉकी खेळतो. हे सांगितलं की नातेवाइकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "हो, पण काम काय करतो?" हेच काम करतो. सात वर्षांचा असताना एका मित्राच्या वाढदिवसाला लीड्समधल्या शाळेतली मुलं रिंकवर गेली. बाकीची केक खायला बाहेर आली, आमचा आलाच नाही. मग कित्येक वर्षं मी त्याला उजाडायच्या आत प्रॅक्टिसला सोडत होते, कारण पोरांच्या टीमला बर्फ त्याच वेळी मिळतो. अठराव्या वर्षी पहिला करार झाला. करार एका सीझनचा असतो. एप्रिलमध्ये संपतो, आणि उन्हाळाभर फोनकडे बघत बसायचं. गोल करतात ती बहुतेक कॅनडातून आणलेली मुलं. आमचा बचावात, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या आडवं जायचं काम. नाक एकदा मोडलं, दोन दात खोटे आहेत. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी करते, त्यामुळे अशा गोष्टींनी माझी झोप उडत नाही.

गेल्या हिवाळ्यात मात्र खांद्याचं ऑपरेशन झालं आणि त्याच्या क्लबने करार वाढवला नाही. सप्टेंबरमध्ये आमच्यापासून पाऊण तासावरच्या एका क्लबने त्याला महिनाभर ट्रायलवर घेतलं. ती ट्रायल या शनिवारच्या मॅचला संपत होती. मॅच झाली की काय ते सांगतो, असं कोच म्हणाला होता. मुलगा एकतीस वर्षांचा. सगळ्या टीम्स भरलेल्या. कोच नाही म्हणाला असता तर खेळणं तिथेच संपलं असतं, हे घरात तिघांनाही माहीत होतं.

स्केट्स एरवी घरी येतच नाहीत, क्लबचं सामान सांभाळणाऱ्या किटमॅनकडे असतात. म्हणून इतकी वर्षं आम्ही त्याचे लहानपणचे इवलेसे स्केट्स पुजायचो. यंदा तो आमच्याकडे राहत होता. वडिलांनी हौसेने खरे मागितले आणि त्याने शुक्रवारी ते आणून दिले.

मॅचच्या दिवशी तो दुपारी पास्ता खातो, सणाचं काही खात नाही, आणि झोपतो. तो वर गेल्यावर नवरा स्केट्स ताटात घेऊन आला.

"बघ, पाती कशी चमकतायत!"

"कशाने घासलीत?"

"पॉलिश पेपरने. कडा फार टोचत होत्या. मस्त गोल करून टाकल्या."

मी माळ खाली ठेवली. स्केटच्या पात्याला खालून बारीक खाच असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना धार. त्या दोन धारांवरच माणूस वळतो आणि थांबतो. धार बघायला नख आडवं फिरवायचं, नखाचा भुगा निघाला पाहिजे. माझं नख चमच्यावरून फिरल्यासारखं सरकलं.

"अहो, याच्यावर तो उभा नाही राहू शकणार."

त्याने स्वतःचं नख फिरवून पाहिलं. मग खुर्चीत बसला. "उठवू त्याला?"

"कशाला? झोपू दे. तुम्ही पूजा उरका. हे घेऊन रिंकवर जाऊ, किटमॅन धार लावून देईल."

"पण पुजलेली हत्यारं आज हलवत नाहीत गं."

"मग काय मोजे घालून खेळेल?"

हळद-कुंकू लागलं, फूल वाहिलं, आरती मी त्याला थोडक्यात आटोपायला लावली. ओवाळणारा माणूस इतका पडेल चेहऱ्याचा मी प्रथमच पाहिला. गाडीला माळ तशीच ठेवून आम्ही निघालो. मोटरवेवर निम्मी फुलं उडून गेली.

किटमॅन शर्ट टांगत होता. त्याने पाती उजेडात धरली आणि आमच्याकडे पाहिलं.

"मी केलं ते," नवरा म्हणाला. सबब सांगितली नाही, याचं मला बरं वाटलं.

"इतकं मन लावून कुणी वाट लावलेली नव्हती बुवा," किटमॅन म्हणाला आणि मशीन सुरू केलं. ठिणग्या उडाल्या. मध्येच थांबून त्याने बुटावरच्या लाल-पिवळ्या बोटांकडे पाहिलं. "हे पुसू?"

"नको, नको! ते लकी असतं."

"मग माझ्या मशीनलाही लावा. आठवडाभर कुरकुरतंय."

नवऱ्याच्या खिशात कुंकवाची पुडी होती. त्याने गंभीरपणे मशीनला बोट लावलं. तिथून पुढे तो जरा माणसात आला.

साडेतीनला मुलाचा फोन, त्याच्या इंग्रजी वळणाच्या मराठीत. "आई, माझा स्केट्स कुठे आहे?"

"रिंकवर. धार लावून ठेवलेत."

"धार? कालच लावली होती. बाबांनी काय केलं?"

"पूजा."

तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

मॅच आम्ही एका गोलने हरलो. तो चांगला खेळला, एवढं मला कळतं. खांदा वाचवत नव्हता, कुणी अंगावर आलं तर बाजूला सरत नव्हता. नंतर आम्ही कॅफेजवळ थांबलो. बाकीचे खेळाडू येऊन गेले, तो आला नाही. नवरा नोटिस बोर्डवरची एकच जाहिरात पुन्हा पुन्हा वाचत होता. शेवटी तो आला, ओल्या केसांनी, सफरचंद खात.

"एप्रिलपर्यंत," तो म्हणाला.

"एप्रिलपर्यंत काय?"

"ठेवला मला, बाबा. सही सोमवारी."

नवऱ्याने त्याच्या पाठीवर थाप मारली, ती नेमकी ऑपरेशनच्या खांद्यावर. तो कळवळला आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी फक्त फूल घाला. तुमची ती पेपर नको. आणि ड्रेसिंग रूममध्ये सगळे विचारतात, बुटाला रक्त कुणाचं आहे? मी सांगितलं, माझ्या आधी इथे होता त्या डिफेन्समनचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बाहेरगावच्या मॅचच्या बसवर सोडलं. घरी येऊन चहा केला, लॅपटॉप उघडला आणि उरलेल्या सीझनची दोन तिकिटं काढली. खेळाडूंच्या घरच्यांना पास मिळतात, पण त्या जागा फार वर असतात. आडदांडपणा केला की खेळाडूला दोन मिनिटं बाहेर बसवतात, त्या पेनल्टी बॉक्सच्या मागची रांग मी घेतली. त्याचा बराचसा वेळ तिथेच जातो.