टाचेखालचा कागद

नातीच्या पायांचा व्यायाम माझी बायको घ्यायची. मोबाईलवर थेरपीवाल्या मॅडम दिसायच्या, त्या सांगतील तसं ही करायची. जन्मताना नातीच्या मेंदूला मार बसला, म्हणून पाय ताठ, टाचा वर. बायको गेली आणि दीड महिना त्या पायांना कुणी हात लावला नाही. मुलगा-सून सकाळीच कामाला जातात. उरलो मी, चौथी नापास.

पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "आबा, पाय आखडलेत. महिन्यात फरक पडला नाही तर डॉक्टरांना ऑपरेशनचं विचारावं लागेल."

"तुमी सांगा, मी करतो. मले वेळच वेळ हाये."

पंजा वर दाबून तीस आकडे धरायचा. मी जन्मभर पायलीनं ज्वारी मोजलेली. पहिल्या पायलीला आमच्याकडे एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. तोंडाला तेच वळण. "लाभ, दोन, तीन..." माप संपलं की वर एक ओंजळ घालायची रीत. म्हणून तीस झाल्यावर मी वरून एक जोराचा दाब दिला.

नात किंचाळली. "आबा, मी काय ज्वारी हाये का बे?"

आजोबाला बे म्हणते! आजीनं लाडावून ठेवलेली.

मॅडम आधी खूप हसल्या, मग कडक झाल्या. "वरचा दाब बंद. दुखलं की स्नायू आणखी आवळतो."

"पण मॅडम, वर घातलं नाई तं माप कमी वाटते."

"तुम्हाला वाटू द्या. तिला नाही वाटत."

मग रोज दोनदा, ओंजळ आवरून. मोजायचं काम नातीनं घेतलं. सव्वीसनंतर एकदम तीस!

"चोर कुठची."

"आजी चालू द्यायची."

"खोटं बोलू नको. तुह्या आजीनं मले चहात चमचाभर साखर जास्त घेऊ देल्ली नाई."

महिन्यानं मॅडमनी नातीला भिंतीला टेकवून उभं करायला सांगितलं. टाचेखाली वहीचा कागद ठेवून ओढायचा. अडकला तर टाच टेकली. उजवा ओढला, टर्रकन फाटला. डावा अलगद निघून आला.

"डाव्याला अजून मेहनत लागेल," मॅडम म्हणाल्या. "पण ऑपरेशनचं आता नको."

मी खाली वाकून कागदाचे तुकडे वेचत राहिलो. मॅडमना तोंड दिसू नये म्हणून.

"आबा, दोन तुकड्याले किती वेळ लावतं?" नात खाली बसली आणि डावा पाय माझ्या मांडीवर टाकला. "घे, धर."